परदेशी आघाडीवरच्या सैनिकांचा रेडिओ : दुसऱ्या महायुद्धातील फर्माइशी, तबकड्या आणि लघुलहरी

लघुलहरी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धावरील पुस्तकांत लढायांचे नकाशे, सेनापतींचे मतभेद आणि शस्त्रास्त्रांचे तपशील भरपूर मिळतात. परंतु पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटावर महिनोन्महिने पडून राहिलेल्या, प्रत्यक्ष लढण्यापेक्षा वाट पाहण्यातच ज्याचा बहुतेक काळ जात असे, अशा सैनिकाची संध्याकाळ कशी सरत असे याचा उल्लेख क्वचितच येतो. त्या संध्याकाळीत रेडिओला फार मोठे स्थान होते, आणि हा विषय मला गेली अनेक वर्षे खुणावत आला आहे. मी अमेरिकेच्या ‘आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस’पासून सुरुवात करतो, इतर देशांविषयी जाणकारांनी भर घालावी.

ही सेवा केवळ वॉशिंग्टनच्या कार्यालयातून उगवली असे म्हणता येत नाही. पनामा कालव्याच्या परिसरात आणि अलास्कातल्या कोडियाक व सिट्का येथे तैनात असलेल्या सैनिकांनी मिळेल त्या साहित्यातून स्वतःच छोटी रेडिओ केंद्रे उभी केली होती आणि वाजवायला काही हाती असावे म्हणून अमेरिकेतील रेडिओ कंपन्यांकडे व कलावंतांकडे कार्यक्रमांची मागणी केली होती. गरज अशी खालून वर गेली. २६ मे १९४२ रोजी युद्धखात्याने अधिकृत सेवा स्थापन केली, तिचे मुख्यालय लॉस एंजेलिसला ठेवले आणि जाहिरात व्यवसायातून आलेल्या टॉम लुईस यांच्याकडे तिची सूत्रे दिली.

त्याआधीच, १ मार्च १९४२ रोजी, ‘कमांड परफॉर्मन्स’ हा कार्यक्रम सुरू झाला होता आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेचा प्राण तोच आहे. यात काय सादर व्हायचे हे सैनिकांनी पत्राने कळवायचे आणि हॉलिवूडने ते मुकाट्याने करून दाखवायचे, अशी रचना होती. गाण्यांच्या फर्माइशी येत, तशाच विलक्षण मागण्याही येत. कोणाला ॲन मिलर हिने लष्करी बूट घालून केलेले टॅप नृत्य ऐकायचे होते, कोणाला अभिनेत्री कॅरोल लँडिस हिचा नुसता एक सुस्कारा हवा होता, तर कोणाला सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात धुक्यात वाजणारे भोंगे ऐकायचे होते. या मागण्या खरोखर पुरवल्या जात. बॉब होप, बिंग क्रॉस्बी, ज्युडी गार्लंड, फ्रँक सिनात्रा अशा ज्यांच्या एकेका कार्यक्रमासाठी प्रायोजक मोठमोठ्या रकमा मोजत, त्या कलावंतांनी येथे एक पैसाही घेतला नाही. संघटनांनी आपले नियम बाजूला ठेवले आणि रेडिओ कंपन्यांनी स्टुडिओ दिले.

मायदेशातल्या सामान्य श्रोत्याला हा कार्यक्रम ऐकायला मिळत नसे. १९४२ च्या नाताळच्या पूर्वसंध्येचा विशेष भाग तेवढा अपवाद म्हणून देशात प्रसारित झाला. इतके तारांकित कलावंत एकत्र आणणारा कार्यक्रम देशातल्या कोट्यवधी श्रोत्यांना वगळून फक्त दूरवरच्या सैनिकांसाठी राखून ठेवला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘हे तुमचे आहे, केवळ तुमचे’ हे शब्दांत न सांगता सैनिकाला कळत होते.

मध्यमवाट

धागा फार आवडला. एक शंका आहे. हे कार्यक्रम लघुलहरींवरून (शॉर्टवेव्हवरून) थेट प्रसारित होत असतील, तर पावसाळी हवामानात आणि खरखरीत ते कितपत ऐकू येत असतील? आमच्या घरी लघुलहरींवर दूरची केंद्रे लावताना आवाज येतो-जातो याचा अनुभव पुष्कळ घेतला आहे. संगीत तर त्यात जवळजवळ हरवूनच जाते.

लघुलहरी

शंका अगदी योग्य आहे आणि तिचे उत्तर या विषयाचा निम्मा भाग आहे. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरून लघुलहरींचे प्रक्षेपण होत असे आणि ताज्या बातम्या व खेळांचे धावते समालोचन यांसाठी ते उपयोगी पडे. परंतु आयनावरणाच्या, म्हणजे लघुलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराच्या, लहरीपणामुळे संगीत त्यावर सोपवणे धोक्याचे होते. म्हणून मनोरंजनाचा मोठा भाग तबकड्यांवरून गेला. सोळा इंच व्यासाच्या, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला पंधरा मिनिटे वाजणाऱ्या व्हिनाइलच्या या तबकड्या होत्या, त्यामुळे अर्ध्या तासाचा कार्यक्रम दोन बाजूंत बसत असे. त्यांचे गठ्ठे विमानाने आणि जहाजाने निरनिराळ्या तळांवर जात, तेथील छोटे केंद्र ते वाजवी आणि पुढच्या केंद्राकडे रवाना करी. ग्वादालकनालसारख्या बेटावरच्या सैनिकाला तंबूत जो आवाज स्वच्छ ऐकू येत असे, तो काही मैलांवरच्या कमी शक्तीच्या ट्रान्समीटरवरून येत असे. दक्षिण पॅसिफिकमधील अशा केंद्रांच्या साखळीला ‘मॉस्किटो नेटवर्क’ असे नाव पडले होते, आणि मलेरियाने गांजलेल्या त्या बेटांवर ते नाव का पडले असेल हे वेगळे सांगायला नको.

यासोबत आणखी एक काम या सेवेने केले. देशात गाजणारे व्यावसायिक कार्यक्रमही ध्वनिमुद्रित करून पाठवले जात, पण त्यातील प्रत्येक जाहिरात काढून टाकली जाई. प्रायोजकाचे नाव कार्यक्रमाच्या शीर्षकात असेल तर तेही गळत असे. ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’चे नुसते ‘म्युझिक हॉल’ झाले. हे काम जाहिरात व्यवसायातून आलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, यात लुईस यांची निष्ठा दिसते असे मी मानतो.

स्टुडिओ क्रमांक दोन

मी नभोवाणीच्या तांत्रिक विभागात आयुष्य घालवले असल्यामुळे जाहिराती काढण्याच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आम्ही स्पूलवरच्या टेपवर काम केले. नको असलेला भाग कानाने हेरायचा, टेपवर पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडायची. चूक झाली तर कापलेला तुकडा टेबलावरच असे, तो पुन्हा जोडता येत असे. १९४२ साली अमेरिकी स्टुडिओंमध्ये टेप नव्हती. ती युद्धानंतर जर्मनांच्या यंत्रांवरून तेथे पोहोचली. त्यामुळे हे सारे संपादन तबकडीवरून तबकडीवर करावे लागे.

त्याची रीत अशी. मूळ कार्यक्रम लॅकरचा, म्हणजे रोगणाचा, थर दिलेल्या तबकडीवर कोरून घेतलेला असे. त्याच कार्यक्रमाच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायच्या आणि तिसऱ्या यंत्रावर कोरी तबकडी फिरत ठेवायची. पहिली प्रत वाजत असताना दुसऱ्या प्रतीवर जाहिरात संपल्यानंतरच्या पहिल्या शब्दाच्या आरेत (तबकडीवरच्या खाचेत) सुई ठेवायची, तबकडी हाताने साधारण अर्धा फेरा उलटी फिरवायची आणि खालचे टर्नटेबल फिरत असताना ती बोटाने अलगद धरून ठेवायची. निवेदक जाहिरातीपूर्वीचे शेवटचे वाक्य संपवतो त्या क्षणी एका हाताने पहिला फेडर (आवाज कमी-जास्त करणारी कळ) खाली आणि दुसऱ्या हाताचे बोट वर. अर्धा फेरा मागे का घ्यायचा, तर तबकडीने वेग धरण्यापूर्वी आवाज आला तर तो रडका, घसरलेला येतो. प्रेक्षकांचा हशा किंवा टाळ्या दोन्ही बाजूंनी जुळल्या पाहिजेत, नाहीतर ऐकणाऱ्याला सांधा कळतो. आणि पंधराव्या मिनिटाला एक शब्द चुकला तर पुसण्याची सोय नाही. ती बाजू पहिल्यापासून कोरायची. शिवाय लॅकरची आर प्रत्येक वेळी वाजवताना झिजते, म्हणजे तालमीही मोजक्याच करता येतात. या तंत्रज्ञांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत, पण त्यांच्या हातांविषयी मला मनापासून आदर आहे.

जाता जाता सांगतो. बिंग क्रॉस्बी यांनीच पुढे १९४७ मध्ये आपला देशव्यापी कार्यक्रम टेपवर ध्वनिमुद्रित करण्याचा आग्रह धरला आणि त्यांच्यामुळे अमेरिकी रेडिओत टेप रुजली.

जुनी तबकडी

स्टुडिओ क्रमांक दोन, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. तबकडीचा विषय निघालाच आहे, तर त्यातला भारताचा धागा सांगायला हवा. त्या काळातल्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे आपण फर्निचरच्या पॉलिशला वापरतो त्या चपडा लाखेच्या मिश्रणाच्या असत आणि जगाला ही लाख मुख्यतः भारतातून, त्यातही छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून मिळत असे. युद्धामुळे समुद्रमार्ग असुरक्षित झाले, लष्करी उत्पादनालाही लाख लागू लागली आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी होणारा तिचा वापर कडकपणे कमी केला. लाखेची तबकडी ठिसूळही फार. आघाडीवर पोहोचेपर्यंत खोक्यात तुकडेच उरत.

त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादक संघटनेने मानधनाच्या प्रश्नावरून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. नवे संगीत निघेना आणि सैनिकांना नवे संगीत हवे होते. लेफ्टनंट रॉबर्ट व्हिन्सेंट यांनी संघटनेची परवानगी मिळवली आणि १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘व्ही-डिस्क’ रवाना होऊ लागल्या. वादकांनी मोबदला घ्यायचा नाही, लष्कराने त्या विकायच्या नाहीत आणि काम संपल्यावर मूळ साचे नष्ट करायचे, असा करार होता. व्हिनाइलाइटच्या या बारा इंची तबकड्या पडल्या तरी सहसा फुटत नसत आणि एका बाजूला साडेसहा मिनिटांपर्यंत संगीत मावत असे. बाजारातली दहा इंची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. येथे जॅझच्या वादकांना मोकळेपणी खेळायला जागा मिळाली. एरवी निरनिराळ्या कंपन्यांशी करारबद्ध असलेले वादक येथे एकत्र वाजवू शकत होते, त्यामुळे या तबकड्यांवर असे संगीत आहे जे व्यापारी ध्वनिमुद्रणात कधीच झाले नसते.

वाचनवेडा

ब्रिटिश बाजू मांडतो. बीबीसीने ७ जानेवारी १९४० रोजी फ्रान्समधील आपल्या फौजेसाठी ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ सुरू केला. त्याआधी बीबीसीचा रविवार अतिशय गंभीर असे; धार्मिक प्रवचने आणि अभिजात संगीत यांखेरीज फारसे काही नसे. बराकीत गटाने बसून, पत्ते खेळत, बोलत ऐकणाऱ्या सैनिकाला ते चालणार नाही हे लक्षात आल्यावर नृत्यसंगीत, विनोदी कार्यक्रम आणि प्रश्नमंजुषा आल्या. नागरिकांनाही हाच कार्यक्रम अधिक आवडू लागला आणि युद्धानंतर, २९ जुलै १९४५ रोजी, त्याच धर्तीवर ‘लाइट प्रोग्रॅम’ उभा राहिला. सैनिकांसाठी केलेल्या सोयीने साऱ्या संस्थेचे वळण बदलले.

व्हेरा लिन यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ९ नोव्हेंबर १९४१ पासून रविवारी रात्री नऊच्या बातम्यांनंतर त्यांचा ‘सिन्सिअर्ली युवर्स’ हा कार्यक्रम होत असे. परदेशातल्या सैनिकांनी मागितलेली गाणी त्या गात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या प्रसूतिगृहांत जाऊन नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना भेटत आणि तुमच्या घरी मुलगा झाला, मुलगी झाली, आई आणि बाळ सुखरूप आहेत, असे निरोप परदेशी असलेल्या नवऱ्यापर्यंत पोहोचवत. लष्करी टपालाला जेथे आठवडे लागत, तेथे ही बातमी क्षणात पोहोचे. तरीही बीबीसीच्या नियामक मंडळाने या कार्यक्रमाविषयी नापसंती नोंदवली, मात्र त्याची लोकप्रियताही नोंदवणे त्यांना भाग पडले. अशा हळव्या गाण्यांनी सैनिक मऊ पडतात, त्यांना रणगीते ऐकवा, असे अनेक बड्या लोकांचे म्हणणे होते आणि १९४२ मध्ये बीबीसीने भावविवश गाण्यांवर निर्बंधही घातले.

मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. घरची आठवण गाण्यामुळे येत नसते. ती आधीच आलेली असते. गाणे तिला चारचौघांत बसून सोसण्याची मुभा देते. व्हेरा लिन स्वतः १९४४ मध्ये भारतातून ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीपर्यंत गेल्या आणि ट्रकवरून वाहून नेलेल्या पियानोच्या साथीने तेथे लढणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या सेनेपुढे गायल्या. ज्यांना आपण विसरले गेलो आहोत असे वाटत होते, त्या सेनेने त्यांना मरेपर्यंत आपले मानले. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्या गेल्या.

सह्यकडा

उत्तम चर्चा चालली आहे. पण मला राहून राहून वाटते की यात आपली माणसे कोठे आहेत? मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इरिट्रियातल्या केरेनला लढल्या, दुसरी पलटण १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुकला पकडली गेली, इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या आणि घाटावरच्या या तरुणांना इंग्रजी गाण्यांचा काय उपयोग होता? त्यांच्यासाठी कोणी काही ऐकवले का?

लघुलहरी

सह्यकडा, हा प्रश्न या धाग्यावर यायलाच हवा होता. बीबीसीची हिंदुस्तानी सेवा ११ मे १९४० रोजी सुरू झाली आणि झुल्फिकार अली बुखारी तिचे प्रमुख होते. मध्यपूर्व आणि भूमध्य समुद्राच्या परिसरातील भारतीय सैनिकांसाठी हिंदुस्तानीतून कार्यक्रम होत आणि ते सादर करणाऱ्यांत कपूरथळ्याच्या राजकन्या इंदिरा होत्या. १९४२ मध्ये मराठीतूनही बीबीसीचे प्रसारण सुरू झाले. त्याच काळात कोल्हापूरच्या भागातून आलेल्या वेणू चितळे लंडनला बीबीसीत काम करत होत्या. पूर्वेकडच्या सेवेत जॉर्ज ऑर्वेल हे त्यांचे सहकारी होते. बॉम्बवर्षावाच्या काळात लंडनहून बोलणारी एक मराठी स्त्री, ही आपल्या नभोवाणीच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे आणि तिच्यावर स्वतंत्र धागा व्हावा असे मला वाटते.

तरीही खरे ते लिहिले पाहिजे. ज्या उदारपणे अमेरिकी सैनिकाला ‘तुला काय ऐकायचे आहे?’ असे विचारले गेले, त्या उदारपणे सातारा-रत्नागिरीच्या शिपायाला विचारले गेले नाही. हिंदुस्तानी ही लष्कराची समाईक भाषा होती आणि साहेबाच्या सोयीची होती. शिपायाच्या घरात पोवाडा होता, भजन होते, ओवी होती. त्याच्या हातात स्वतःचा रेडिओ नव्हता, कँटीनमध्ये किंवा कंपनीच्या संचावर जे लागेल ते त्याने ऐकायचे. ही उणीव मला बोचते.

रात्रपाळी

अमेरिकी सेनेतही सर्वांना सारखे विचारले जात नव्हते, हे येथे जोडतो. त्या वेळी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. ही विभागणी संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. कृष्णवर्णीय सैनिकांसाठी १९४२ पासून ‘ज्युबिली’ नावाचा कार्यक्रम तयार होत असे. अर्नी व्हिटमन त्याचे निवेदन करत आणि ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, लीना हॉर्न असे कलावंत त्यात येत. विभागणीतूनच जन्मलेला हा कार्यक्रम संगीताच्या दृष्टीने मात्र त्या सेवेतील सर्वांत समृद्ध ठरला, आणि लहरींना रंगाची सीमा नसल्यामुळे तो गोऱ्या सैनिकांनीही ऐकला.

शत्रूच्या रेडिओचाही उल्लेख हवा. टोकियोहून ‘झीरो अवर’ लागे, त्यात अमेरिकी गाणी वाजवून सैनिकांना घराची आठवण करून दिली जाई. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे जर्मनांच्या ताब्यातील बेलग्रेड केंद्रावरून रोज रात्री दहाच्या सुमारास लागणारे ‘लिली मार्लेन’. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या जर्मन सेनापती रोमेलच्या सैनिकांसाठी वाजवलेले हे गाणे वाळवंटातल्या ब्रिटिश आठव्या सेनेनेही आपलेसे केले. ‘झीरो अवर’ला उत्तर म्हणून अमेरिकी सेवेने ‘जीआय जाइव्ह’ हा रोजचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम दिला. मार्था विल्करसन ‘जिल’ या नावाने तो सादर करत आणि सैनिकांच्या पत्रांना उत्तरे देत.

स्टुडिओ क्रमांक दोन

आता आपल्या सर्वांच्या कानांशी जुळलेला दुवा. आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांच्या काळात सिलोनमध्ये ‘रेडिओ सीॲक’ (सीॲक म्हणजे ‘साउथ ईस्ट एशिया कमांड’) उभा राहिला. ब्रह्मदेशापासून मलायापर्यंत पसरलेल्या सैनिकांना ऐकू जावे म्हणून कोलंबोजवळ एकाला येथे १०० किलोवॉटचा लघुलहरी ट्रान्समीटर बसवण्याचे ठरले. तो प्रत्यक्ष चालू झाला १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. पण घरी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ताटकळलेले हजारो सैनिक अजून त्या भागात होते आणि त्यांच्यासाठी तो वाजत राहिला. पुढे बीबीसीवर नामवंत झालेले डेव्हिड जेकब्स तेथे निवेदक होते.

१९४९ मध्ये ही सारी यंत्रणा सिलोन सरकारकडे आली. बेटाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक शक्तीचा ट्रान्समीटर हाती आल्यावर ‘रेडिओ सिलोन’ने व्यापारी सेवा सुरू केली. इकडे १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलंबोहून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ती मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानाने कोलंबोला जात असे आणि तेथून लहरींवर स्वार होऊन पुन्हा मुंबई-पुण्यात येत असे. बुधवारी रात्री आमच्या चाळीत एका खोलीतला संच मोठ्या आवाजात लागे आणि जिन्यात माणसे बसत. तो आवाज ब्रह्मदेशाच्या जंगलातल्या सैनिकासाठी आखलेल्या यंत्रावरून येतो आहे, हे मला नोकरीला लागल्यावर एका वरिष्ठ अभियंत्यांकडून कळले.

१९५७ मध्ये आलेली विविध भारती हे या स्पर्धेला दिलेले उत्तर होते, आणि तिच्यावरचा फौजी भाइयांसाठीचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम सैनिकांच्या फर्माइशींवरच उभा राहिला.

मध्यमवाट

ही माहिती पूर्णपणे नवी होती, मनापासून आभार. या अमेरिकी तबकड्यांपैकी आज काही शिल्लक आहे का, की करारानुसार सारे नष्ट झाले?

जुनी तबकडी

व्ही-डिस्कचा उपक्रम १९४९ मध्ये थांबल्यावर साचे खरोखर नष्ट करण्यात आले आणि तळांवरच्या तबकड्याही मोडून टाकण्याचे आदेश निघाले. परंतु कितीतरी सैनिक आपल्या सामानात त्या घरी घेऊन गेले होते. अशा तबकड्या बाळगणे बेकायदा होते, त्या जप्तही होत असत, तरीही लोकांनी त्या जपल्या. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व्ही-डिस्कचा संच आहे आणि आर्म्ड फोर्सेस रेडिओच्या सोळा इंची तबकड्यांचाही फार मोठा संग्रह आहे.

लघुलहरी

‘कमांड परफॉर्मन्स’चे अनेक भाग आता आंतरजालावरही ऐकायला मिळतात. ज्यांना एकच भाग ऐकायचा असेल त्यांनी १५ फेब्रुवारी १९४५ चा ‘डिक ट्रेसी’ हा संगीत-प्रहसनाचा भाग ऐकावा. क्रॉस्बी, होप, सिनात्रा, गार्लंड, डायना शोअर आणि जिमी ड्युरँटी एकाच मंचावर आहेत, आणि समोर बसलेल्या सैनिकांचा हशा ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. ‘रेडिओ सीॲक’ची किंवा भारतीय सैनिकांसाठीच्या हिंदुस्तानी कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे कोणाच्या ऐकण्यात आली असतील, किंवा आजोबा-पणजोबांच्या पत्रांत आघाडीवरच्या रेडिओचा उल्लेख कोणाला आढळला असेल, तर त्यांनी कृपया येथे लिहावे.